मधी घरी आली

२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं! कुत्रं आणायचं.

रंजिताला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, तुला कुत्रं नको, माणसं हवीत." यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून लेकीचं एकच चाललंय — कोरीटचं घर काढून टाक, नाशिकला ये. शाळेची नोकरी होती तोवर दिवस निघून जायचा. आता संध्याकाळी घर खायला उठतं, हे खरं. पण म्हणून घर सोडायचं? या ओट्यावर माझी तीस वर्षं गेली.

नाही सोडणार. त्यापेक्षा कुणीतरी आत येऊ दे.

७ फेब्रुवारी

नंदुरबारला गेले होते. दलसिंग पाडवीला भेटून आले. चौथीत माझ्या वर्गात होता, आता गुरांचा डॉक्टर आहे. अजून "बाई" म्हणतो आणि उभा राहतो. खूप बरं वाटलं.

म्हणाला, "बाई, बाजारात पिशवीत घालून विकतात ते पिल्लू घेऊ नका. जो तुम्हाला पिल्लाची आई दाखवेल त्याच्याकडूनच घ्या." गुजरातेत राजपीपळ्याकडच्या एका गावातले वीरसिंगभाई म्हणून आहेत, लॅब्राडॉर पाळतात, त्यांचा नंबर दिला.

आणि एक घाबरवणारी गोष्ट सांगितली. पावसाळ्यात आमच्या गल्लीतली रस्त्यावरची पिल्लं पटापट मेली होती, ती पार्वोने. उलट्या, रक्ताची हगवण, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. त्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकून राहतात म्हणे! म्हणजे लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लू अंगणात सोडायचं नाही. गल्लीत तर नाहीच नाही.

१२ फेब्रुवारी

वीरसिंगभाईंशी बोलले. पिल्लू विकत घ्यायला फोन केला की मुलगी मागायला, कळेना!

"बेन, घरमां कोण कोण छे?"

एकटी आहे म्हटलं. मग प्रश्नच प्रश्न. सकाळी फिरवाल का? आजारी पडलात तर कोण बघेल? अंगण बंद आहे का? शेवटी म्हणाले, एक मादी आहे, तुमच्यासाठी ठेवतो. मी म्हटलं, रविवारी येते! तर हसले. पिल्लं अजून महिन्याचीच आहेत, आठ आठवडे झाल्याशिवाय आईपासून तोडणार नाही. लवकर नेलं तर भित्रं होतं, पचनही बिघडतं. पहिली लस आणि जंताचं औषध तेच देणार.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, या, घेऊन जा. देवाने बरा माणूस गाठून दिला.

१६ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉलवर पिल्लांची आई पाहिली. डोळे स्वच्छ, अंगावर तुकतुकी. कुशीत पाच गोळे. आपली कोणती? सगळ्यात मागे, दुसऱ्याच्या पोटाखाली तोंड खुपसून झोपलेली. फक्त शेपूट दिसली.

शेपटीवरच जीव जडला.

२३ फेब्रुवारी

आणायची कशी, हा मोठा प्रश्न. तिकडे सोयीची रेल्वे नाही. असती तरी एवढ्याशा जिवाला गार्डच्या डब्यातल्या पेटीत मी घातलं नसतं. एसटीच्या कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, "मावशी, कोंबडीचं बघू, कुत्र्याचं नाही."

गल्लीतल्या दोधूची इको गाडी आहे. त्याला विचारायला गेले तर सगळं ऐकून घेण्याआधीच म्हणाला, "काकू, मी शे ना! काब चिंता करतीस?" पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, असं ठरलं.

१ मार्च

घर धुऊन काढलं. ओटा, पडवी, मोरी — सगळीकडे पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून. चपला दाराबाहेर. बाहेरून आलं की पाय धुवायचे, मग आत.

शेजारच्या सुगंधाबाईंना विनंती केली, आपल्या सामाईक ओट्यावर यंदा मिरच्या वाळत घालू नका, पिल्लाच्या नाकात खकाणा जाईल. मला वाटलं, भांडतील. त्या उलट विचारत बसल्या, आणखी काय काय करायचं. लसीचं कार्ड असतं म्हटल्यावर कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कुत्रीले बी कार्ड? मन्हा पोऱ्यास्ले बी नव्हतं!"

पण मिरच्या त्यांनी गच्चीवर नेल्या. गुडघे दुखत असताना.

८ मार्च

उद्या! टोपली भरली, काढली, परत भरली.

१० मार्च, सोमवार

काल लिहायला बसले नाही. आज सगळं लिहिते.

पहाटे निघालो ते ऊन चढायच्या आत पोचलो. वीरसिंगभाईंनी दारातच चपला काढायला लावल्या, हात-पाय साबणाने धुवायला लावले, मग कुत्र्यांकडे नेलं. आवडलं मला. पिल्लांची आई येऊन माझे हात हुंगून गेली. मला तिच्याकडे बघवेना. तिचंच लेकरू न्यायला आलेली बाई मी.

त्यांनी पिल्लाला सकाळी खायला दिलं नव्हतं, गाडीत उलटी होते म्हणून. आईच्या अंगाखालचं फडकं टोपलीत घातलं — वासाने पिल्लू शांत राहतं. पण त्यांचे डॉक्टर तपासायला येणार होते ते उशिरा आले. त्यांनी बघितल्याशिवाय वीरसिंगभाई पिल्लू देईनात. हृदय, कान, बेंबी, हिरड्या, सगळं बघून झालं, कार्डावर सही झाली आणि निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं.

सागबाऱ्यापर्यंत ठीक. मग ती दोनदा ओकली. खापरला पोचलो तर होळीचा बाजार! ढोल, पिपाण्या, फुगे, गूळ, डाळ्या, माणसांना माणसं चिकटलेली. गाडी मुंगीच्या पावलाने. आणि तिथेच बॉनेटमधून वाफ.

"काकू, गाडी तापी गयी," दोधू म्हणाला. "आते थांबनं पडी."

एसी बंद. गाडीची भट्टी. टोपलीत हात घातला तर पिल्लू मऊ पडलेलं. मान उचलून धरली तर घरंगळली. हिरड्या पांढुरक्या. मी हाका मारल्या — नाव कुठे होतं अजून! नुसतं "बाळा, बाळा".

रस्त्याच्या कडेला मी टोपली छातीशी धरून उभी. खाली ठेवता येईना, पायाशी बाजारातली कुत्री फिरत होती. समोरच्या गॅरेजच्या मागून एक बाई पुढे आली, माझ्याच वयाची.

"बेन, धूप में क्यूँ खड़े हो? अंदर लाओ इसको!"

ती अमिनाबेन. गॅरेज तिच्या नवऱ्याचं, हारुनभाईंचं. मागेच घर. आत कूलर, थंडगार फरशी. मी तरी टोपली खाली ठेवेना. कसं सांगू, तुमच्या स्वच्छ घरात मला जमिनीची भीती वाटते म्हणून? चाचरत सांगितलं, लशी व्हायच्यात अजून. ती रागावली नाही. कपडे धुवायचा टब नळाखाली खसखसून धुतला, कोरडा केला, आत स्वतःची धुतलेली ओढणी दुमडून घातली. "अब रखो."

दलसिंगला फोन लावला. सुट्टीचा दिवस, तरी पहिल्या रिंगला उचलला. "बाई, रडू नका, ऐका. उपाशी आहे, ओकलीय, साखर उतरली असणार. मध आहे का? बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसा. बर्फ लावू नका."

अमिनाबेनने फळीवरून मधाची बाटली काढली. मला बाटली उघडेना. तिने बाटली घेतली, स्वतःचं बोट बुडवलं आणि पिल्लाच्या तोंडात घातलं. मी पंजे पुसत राहिले. दोघी फरशीवर, डोक्याला डोकं लागलेलं. फक्त कूलरचा आवाज.

मग जीभ हलली. एकदा. मग बोट चाटलं!

"देखो, देखो! चाट रही है!" अमिनाबेन ओरडली. बाहेरून हारुनभाई आणि दोधू हातातलं काम टाकून धावत आले. दोधूच्या डोळ्यांत पाणी. "हिनं नाव मधी ठेवा काकू," म्हणाला.

अमिनाबेनने मला पाणी दिलं. दोन तांबे प्याले. मग माझ्या आणि दोधूपुरताच चहा आणला. तुम्हीही घ्या ना, म्हटलं.

"मेरा तो रोज़ा है, बेन."

रमजान! माझ्या लक्षातच नाही. पहाटेपासून त्या बाईने पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि मी तिच्यासमोर घटाघटा पीत होते. आणि त्यांच्यात कुत्र्याची लाळ अपवित्र मानतात, तिच्या घरात कुत्रं येत नाही, हेही मला तेव्हाच उमगलं. ती मागच्या नळावर गेली, बराच वेळ हात धूत राहिली, माती लावून, परत पाण्याने. परत आली आणि पुन्हा मधीजवळच बसली. मी माफी मागायला गेले तर माझ्या हातावर हात ठेवला. "हाथ तो धुल जाते हैं."

हारुनभाईंनी रेडिएटरचा फाटलेला पाइप बदलून दिला. मधी दोनदा उभी राहिली, पडली, परत उभी राहिली. उन्हं कलल्यावर निघालो. अमिनाबेनने उरलेला मध बाटलीसकट माझ्या पिशवीत घातला, वर मूठभर खजूर. "घर पहुँच के फोन करना. मैं राह देखूँगी."

तळोद्याच्या पुढे आलो, मावळतीची वेळ झाली. आता तिच्या घोटभर पाण्याची वेळ होत असेल, एवढंच मनात येत होतं. मी मनातल्या मनात हात जोडले. कुणाला, ते मला नीटसं माहीत नाही.

११ मार्च

दलसिंगने तपासलं. छान आहे! दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यायचं, वीरसिंगभाई जे देत होते तेच. एकदम बदल नाही.

अमिनाबेनला पुन्हा फोन केला. "पहले ये बताओ — खाया उसने?"

१४ मार्च

धुळवड. गल्लीत रंग, आम्ही दोघी दारं लावून आत. सुगंधाबाई खिडकीतून पुरणपोळी देऊन गेल्या आणि रंगाचे हात मागे लपवून तिला बघत राहिल्या.

२२ मार्च

रंजिताचा आता रोज फोन. कधी कधी दोनदा. "आई, मधी दाखव." मग मोबाईल मधीसमोर धरायचा आणि लेक नुसती बघत बसते. मला वाटतं, विरघळली! नाशिकला ये म्हणणंही बंद केलंय.

मधीने माझा चपलांचा जोड, झाडूचं टोक आणि शाळेतल्या निरोपसमारंभाच्या शालीची झालर खाल्ली. रात्री माझ्या पायांवर झोपते. घर कसं भरून गेलंय.

३१ मार्च

काल पाडवा, आज ईद. अमिनाबेनला मुबारक म्हटलं. तिने मधीला फोनवर हाक मारली, तर मधीने मोबाईलच चाटला. हारुनभाई मागून हसत होते. सगळ्या लशी झाल्या की पहिली खापरचीच फेरी, असं मी कबूल केलंय.

३ एप्रिल

दुसरी लस. रडली नाही. मीच डोळे मिटले.

२७ एप्रिल

तिसरी लस आणि रेबीजची, दोन्ही झाल्या! आणखी आठ-दहा दिवस थांबायचं, मग मातीत पाय. दलसिंग म्हणाला, "बाई, तुमच्यासारखं सगळं पाळणारं कुणी पाहिलं नाही." मी म्हटलं, अरे, मी एकटीने काय केलं? वीरसिंगभाई, दोधू, सुगंधाबाई, तू. आणि खापरचं ते घर. एका मुठीएवढ्या जिवाला किती जणांचे हात लागले.

२ मे

रंजिता आली! दोन दिवसांसाठी. वाळलीय फार. कामाचा ताण, म्हणाली. जावईबापूंना सुट्टी नाही.

५ मे

काल तिची परतीची गाडी होती. गेली नाही. आज सकाळी मधीला पोटाशी धरून ओट्यावर बसली आणि तिच्याकडेच बघत म्हणाली, "आई, मी डिसेंबरपासून एकटी राहतेय. भाड्याच्या खोलीत. नवऱ्याच्या घरी आता परत जायचं नाही मला. इथे राहू?"

डिसेंबरपासून.

मी उठले. आत गेले, माळ्यावरून तिची गादी काढली आणि उन्हात टाकली.