तीस कोयते, साठ प्रोसेसर

सातारा,
शुक्रवार, ८ जानेवारी १९९९

ती. गोदाक्काच्या पायांवर गंगाधरचं डोकं (डोक्यात राग आहे, तरी डोकं पायांवरच आहे, हे ध्यानात घे).

इकडे सारं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? माधवनगरच्या थंडीत भावोजींचा खोकला वाढला नाही ना? हिनं तुझ्यासाठी तिळाचे लाडू वळायला घेतलेत. पण संक्रांतीला गोड बोलायचं तर त्याआधी पोटातलं कडू बाहेर काढलेलं बरं, म्हणून लिहायला बसलो. विषय तुझे चिरंजीव देवदत्त. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण अक्का, या वेळी ओठ फारच दुखावलेत.

त्याचं प्रोजेक्ट मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. त्यांच्या कॉलेजात एक बडा कॉम्प्युटर आलाय. त्याला एक सोडून चार प्रोसेसर, म्हणजे काम ओढणारे चार गडी. दोन गडी एका बोर्डावर, दोन दुसऱ्यावर, आणि एका बोर्डावरच्या दोघांचं सामान एकाच फडताळात. शेजाऱ्याशी देवघेव असेल तर काम झटपट, पलीकडच्या बोर्डाशी असेल तर हेलपाटा. इथवर मलाही पटलं. पण तेवढ्यावर थांबेल तर तो तुझा मुलगा कसला! तो त्या खऱ्या यंत्राच्या पोटात दुसरं एक खोटं यंत्र उभं करतो (तो त्याला आभासी म्हणतो, मी खोटं म्हणतो, कारण ते नसतंच). त्या खोट्या यंत्राला आपल्या गड्यांपैकी कोण कोणाच्या शेजारी बसलाय ते ठाऊकच नसतं. त्याला सगळे एका रांगेत, सारखेच दिसतात. मग ज्या दोन कामांचं एकमेकांवाचून चालत नाही, ती ते नेमकी लांबलांबच्या दोघांना देतं आणि दिवस हेलपाट्यांत जातो. गड्यांचे गट त्याला आधी मांडून दाखवले की वाटप सुधारतं, असा देवदत्ताचा दावा. तो तपासायला त्याला कागदावरचे नकोत, खरे गडी आणि खरी कामं हवी होती. म्हणून नाताळच्या सुट्टीत स्वारी माझ्याकडे आली.

आता आमच्या कारखान्यात गड्यांना काय तोटा! म्हसवडकडची टोळी ऊसतोडीला आली आहे. तिचा तोडणी कार्यक्रम, म्हणजे कोणी कुठल्या फडात, कुठल्या उसाच्या शेतात जायचं ते, एकतीस वर्षं मी ठरवतो. तुला माहीतच आहे, आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते. वहीत नाव नवऱ्याचं. यावरूनच तू दिवाळीत मला भर पंगतीत झापलंस, की बायका राबतात आणि वहीत त्यांचं नावही नाही, तुझ्या शाईला भार होतो का रे? ते मला लागलं. म्हणून देवदत्तासाठी यादी करताना मी तीस कोयत्यांची साठ माणसं लिहिली, प्रत्येक बाईचं नाव स्वतंत्र ओळीवर, आणि सगळी अकारविल्हे. आकाराम पहिला, राहीबाई खाली कुठेतरी. अशी देखणी यादी आमच्या ऑफिसात आजवर झालेली नाही. (म्हणजे या प्रकरणात थोडी तूही आहेस.)

देवदत्तानं आमच्या कारखान्याच्या संगणक कक्षात (तिथे देवळासारख्या चपला बाहेर काढतात) बसून माझ्या यादीतून साठ प्रोसेसरांचं खोटं यंत्र उभं केलं. माणूस म्हणजे प्रोसेसर, फड म्हणजे काम. बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात आठवड्याचा कार्यक्रम छापून बाहेर. मला या कामाला एक अख्खा दिवस आणि तीन चहा लागतात. आमचे शेती अधिकारी लालासाहेब यांच्या कानावर कोणीतरी घातलं (कोणी ते महत्त्वाचं नाही) की आता हाच कार्यक्रम लावावा. लावला. मंगळवारी पहाटे माणसं ट्रकमध्ये चढली, निम्मी पाटणच्या रस्त्याला, निम्मी इथल्या फडांना.

अक्का, पत्ते पिसावेत तशी त्या यंत्रानं माझी माणसं पिसली होती! बिराप्पा पाटणला आणि त्याची बायको धोंडुबाई इकडे. कोयता त्याच्याकडे, भाकरी हिच्याकडे. बरं, हिच्या जोडीला कोण, तर टोळीचा मुकादम जोतीराम, म्हणजे तिचा सख्खा थोरला दीर, ज्याच्यासमोर ती लग्न झाल्यापासून एक शब्द बोललेली नाही. त्यानं ऊस तोडायचा, हिनं पाठ फिरवून उभं राहायचं, तो लांब गेला की मोळी बांधायची. दुपारपर्यंत सहा मोळ्या झाल्या. मी फडात गेलो तर बाईनं पदर सावरून मलाच धरलं. "आवं सायेब, थोरल्या दिराफुडं माजा पदर कवा ढळला न्हाई, आन तुमी त्येंच्या जोडीला मला मोळ्या बांधाय लावता व्हय? कसल्या डोस्क्यानं लिवलं वो ह्ये?" मी म्हणालो, कॉम्प्युटरनं लिहिलं. ती म्हणाली, "मंग त्येला लगीन झाल्यालं म्हाईत न्हाई व्हय?" पाटणकडे तर याहून भारी तऱ्हा. तिथे दोन गड्यांच्या भाकरीवरून मारामाऱ्या झाल्या आणि तीन बायका ट्रकच्या सावलीत नुसत्या बसून राहिल्या, कारण त्यांचा जोडीदार परक्या गावचा बाप्या होता.

दुपारी तीनला कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढणारी साखळी, रिकामी फिरायला लागली. 'नो केन'. एकतीस वर्षांत माझ्या टेबलामुळे कारखाना उसाअभावी दहा मिनिटंही थांबला नव्हता, तो दोन तास चाळीस मिनिटं थांबला. मार्चअखेरीस मी निवृत्त होतोय अक्का. निरोपसमारंभात लोक सांगतील ती गोष्ट आता ठरली. लालासाहेब सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "गंगाधरपंत, जोडपी फोडायचं काम आजवर कोर्टाकडं हुतं." सगळे हसले. शिपाईही हसला.

बुधवारी सकाळी जोतीरामनं साठजणांना फाटकापाशी उभं केलं आणि नुसत्या हाका मारून अर्ध्या तासात जोड्या लावल्या, जोड्यांच्या टोळ्या केल्या, टोळ्यांना जवळजवळचे फड दिले. जेवणवेळेच्या आत गव्हाण ओसंडायला लागली. आणि हे चालू असताना तुझे चिरंजीव काय करत होते? वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर भराभर टिपून घेत होते! चेहरा असा, की याचंच लग्न ठरलंय. मला म्हणतो, "मामा, हेच तर सिद्ध करायचं होतं! गट न सांगता एक दिवस, सांगून एक दिवस. माणसं तीच, फड तेच!" माझी एकतीस वर्षांची अब्रू गव्हाणीत गेली आणि त्याला निष्कर्ष मिळाला! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मी बोलू नये ते बोललो. पुन्हा माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस, इथवर बोललो. तो ताटावरून उठला आणि दोनच्या एस.टी.नं गेला. ही दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलते आहे, तेही भांड्यांच्या आवाजात.

तरी तू त्याला समज द्यावीस, एवढंच मागणं. चुकलं त्याचं, हे त्याला कळू दे.

धाकटा असूनही रागावायचा हक्क राखून ठेवणारा तुझा भाऊ,
गंगाधर

ता. क. १ : पाकीट शोधायला खण उघडला तर त्यात देवदत्तानं पहिल्याच दिवशी दिलेला छापील तक्ता सापडला. नाव, गाव, आणि शेवटचा रकाना : 'कोण कोणाबरोबर'. त्याचे साठही चौकोन कोरे आणि खाली माझी सही. आठवतं मला. तो म्हणाला होता, मामा, हा रकाना भरा, तो नसेल तर कार्यक्रम नुसता तुलनेपुरता, खरा लावायचा नाही. मी म्हणालो, अरे, हे सगळ्यांना ठाऊकच असतं, लिहायचं कशाला? लालासाहेबांच्या कानावर घालणाराही मीच. आता तुला काय वाटायचं ते वाटू दे.

ता. क. २ : खरं काम हे. बुधवारी रागाच्या भरात मी त्याच्या सरांना रजिस्टर पत्र टाकलंय, की या मुलाच्या प्रोजेक्टवर सही करू नये. ते शनिवार-सोमवारात पोचेल आणि सोमवारीच त्याची तोंडी परीक्षा. कारखान्याची जीप उद्या सांगलीला येतेय, तिच्यासोबत हे पत्र, देवदत्ताचा विसरलेला स्वेटर आणि सरांसाठी दुसरं पाकीट पाठवतोय. भावोजींना हात जोडून सांग, खोकला असला तरी मफलर गुंडाळून सरांच्या घरी जा आणि माझं पाकीट आधी हातात द्या. त्यात मी चूक माझी असं स्वच्छ लिहिलंय आणि भरलेला तक्ता जोडलाय. माझ्यामुळे पोराचं वर्ष गेलं तर मला तुला तोंड दाखवता येणार नाही. लालासाहेबांना उरलेल्या हंगामाचा कार्यक्रम त्याच्याच यंत्रावर हवा आहे, पण ते राहू दे. तो नुसता जेवायला आला तरी पुष्कळ.

ता. क. ३ : तक्ता मी आज दुपारभर फडात जाऊन एकेकाला विचारून भरला. साठातले एकोणसाठ चौकोन भरले. आकारामच्या चौकोनात राहीबाई आहे, पण राहीबाई म्हणाली, "सायेब, माजा चौकोन ऱ्हाऊ द्या मोकळा. मंगळवारी अख्खा दिस माज्यावर कुनी वराडलं न्हाई, लय ग्वाड गेला." देवदत्ताला विचार, त्याच्या यंत्रात असं चालतं का. चालत नसेल तर चालवून घे म्हणावं.