डाव्या डोळ्याची बढती

ता. ३ फेब्रुवारी

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. मामी ठणठणीत, दुकान चालू, आणि माझ्या डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. दिवस कलला की मला माणूस आणि सामान यांतला फरक कळत नाही. परवा खुंटीवरच्या कोटाला मी दोनदा विचारलं की घड्याळाला पट्टा चामड्याचा हवा की स्टीलचा. उत्तर आलं नाही म्हणून रागावलोसुद्धा.

तुमच्या डॉक्टरांचं पत्र मामीने वाचून दाखवलं. जनुकाचं औषध सध्या एकाच डोळ्यात सोडणार, आणि जो जास्त अधू त्यात आधी. म्हणजे डाव्यात! हा कुठला न्याय? आयुष्यभर भिंग धरून राबला तो उजवा. तेव्हा डावा काय करत होता? मिटून बसला होता, घरजावयासारखा. आणि आता पहिलं ताट त्याला? काम न करता बढती मी सरकारी कचेरीतही पाहिली नाही.

उजव्याची कर्तबगारी बघ. दोन वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकही घड्याळ परत आलेलं नाही. हल्ली मात्र सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकाच कंपनीची घड्याळं असतात आणि दुखणंही एकच, तोच एक स्क्रू ढिला. कारखानदारांना लाज उरली नाही.

शिवाय औषध म्हणून डोळ्यात विषाणू सोडणार असं मामी म्हणते. ते खरं का ते कळव. आणि डॉक्टरांच्या कानावर घाल, की उजवा आधी. ऐकलं नाही तर मी आहे आणि माझी अक्कल आहे.

कळावे. उजव्या डोळ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा

ता. ११ फेब्रुवारी

ती. मामांना चिमणीचा सा. न. वि. वि.

विषाणूचं खरं आहे, पण घाबरू नका. तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगते. आम्ही विषाणूची, घड्याळाची असते तशी, बाहेरची केस तेवढी ठेवतो, आतलं यंत्र काढून टाकतो आणि तिथे तुमच्यात बिघडलेलं ते जनुक चांगलं करून बसवतो. विषाणू म्हणजे घरफोड्या. त्याची हत्यारं काढून घेतली तरी पेशीचं दार कसं उघडायचं हे तो विसरत नाही. आत शिरतो, जनुक ठेवतो, संपला. भरलेल्या केसेस किती आणि रिकाम्या किती हे तपासायचं काम माझं. जनुक आत पोचवायच्या आणखीही तऱ्हा आहेत. चरबीच्या थेंबात गुंडाळून सोडतात, विजेचा झटका देऊन पेशीला भोकं पाडतात, सोन्याच्या कणांवर चढवून बंदुकीने मारतात. यातलं सोन्याचं मामीला सांगू नका.

नियम तुमच्याच भल्याचा आहे. सुई डोळ्याच्या पडद्याखाली जाते. काही बिनसलं तर आज दिसतंय तेही जायचं. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं? डाव्याच्या पेशी मेलेल्या नाहीत मामा, नुसत्या संपावर आहेत. तो सुधारला की उजव्याचीही पाळी येईल. तोवर तुमची अक्कल कृपा करून घरीच ठेवा.

मामीला नमस्कार. दोन्ही डोळ्यांवर सारखाच जीव असलेली,

चिमणी

ता. ६ मार्च

चि. चिमणीस मामीचे आशीर्वाद.

अक्कल घरी राहिली नाही गं. आमच्याबरोबरच आली.

उजवा डोळा आंधळा असल्याचं सोंग ह्यांनी घरी किती दिवस घोटलं म्हणून सांगू! डावा झाकायचा, उजवा उघडा ठेवायचा आणि कपाटावर जाऊन आपटायचं. मी मोलकरणीसारखी खुर्च्या हलवत होते. काल तपासणीला गेलो. तिथे एका खोलीत जमिनीवर बाण काढलेले, वाटेत अडथळे ठेवलेले, आणि दर फेरीला उजेड थोडा वाढवत नेतात. ह्यांचा डावा झाकला. ह्यांनी एकही अडथळा सोडला नाही. बादलीची माफी मागितली. शेवटी लख्ख उजेडात, जिथे काहीच नव्हतं तिथे ठेच लागून पडले. टिपणं घेणाऱ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि उठता उठता ह्यांना दारावरचं घड्याळ दिसलं. त्याचा मिनिटकाटा वाकलाय, तासकाट्याला घासतोय, असं चालणार नाही म्हणाले. स्टूल मागितलं, चढले, घड्याळ उतरवलं, काटा सरळ केला आणि परत टांगलं. आंधळ्या डोळ्याने! जित्याची खोड, दुसरं काय. मोठे डॉक्टर दारात उभे राहून सगळं बघत होते.

ते फार चिडलेत. खोटं बोलणाऱ्याला औषध नाही, यादीतून नाव काढतो म्हणाले. हे कालपासून जेवलेले नाहीत. नुसते दुकानात बसून कुठलं हत्यार कुठे आहे ते हाताने चाचपून पाठ करतायत. मला ते बघवत नाही. चिमणे, मी ह्यांना अंधारात बसलेलं बघू शकणार नाही. त्या डॉक्टरांच्या पाया पड, काहीही कर.

दुकानाची काळजी नको, ते मी बघते. येताना डोळ्यांत घालायचे थेंब आण, माझ्यासाठी. हल्ली उजव्याला पाणी फार येतं. ह्यांना बोलू नकोस.

माया आहे ती राहू दे.

तुझी,
मामी

ता. १४ मार्च

ती. मामांना सा. न.

पाया पडले. डॉक्टरांनी आधी मला तासभर सुनावलं. मग सगळ्या तपासण्या यंत्राने करायच्या असं ठरलं, कारण यंत्रापुढे सोंग चालत नाही. तुमचं नाव राहिलं. औषध डाव्यातच. आणि डॉक्टर म्हणाले की आता अख्ख्या इस्पितळात वेळेवर चालणारी एकच वस्तू आहे, ती त्या दारावर.

तुमच्यासाठी जाणारा साठा परवा मीच तपासला. रोजचंच काम, पण या वेळी तीनदा मोजलं. मला भीती वाटते मामा. तेव्हा सांगतील तसं पडून राहा आणि तिथली घड्याळं बघू नका.

तुमच्यावर रागावलेली आणि तरीही तुमचीच,

चिमणी

ता. २९ मे

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, कारण उजवा झाकून लिहितोय. होय, डाव्याने! पट्टी निघाल्यावर बरेच दिवस साहेब नुसतं धुकं दाखवत होते. पण काल संध्याकाळी दिवा लावला आणि त्याला पहिल्यांदा माणूस दिसलं. तुझी मामी.

तिच्या उजव्या डोळ्याभोवती गोल वण आहे. तसाच वण माझ्या डोळ्याभोवती आहे. वर्षानुवर्षं भिंग धरलं की पडतो, दुसऱ्या कशानेही पडत नाही.

मग काल सकाळीच दुरुस्त केलेलं घड्याळ त्याच दिव्याखाली धरलं. मागच्या झाकणावर माझ्याच हत्याराचे ओरखडे, एकावर एक. चिमणे, एकच घड्याळ आहे. दोन वर्षं मी एकच घड्याळ दुरुस्त करतोय. मामी त्याचा स्क्रू ढिला करते, नव्या पाकिटात घालते आणि गिऱ्हाइकाचं म्हणून माझ्यापुढे ठेवते. गिऱ्हाइकांची खरी घड्याळं तीच करत आलीय. शेजारी बसून कधी शिकली, मला पत्ता नाही. आणि मी कर्तबगारी सांगत हिंडतोय उजव्याची!

आधी राग आला. मग रडू आलं, तेही डाव्यातून. उजव्याला तोंड नव्हतं दाखवायला.

तिला काही बोललो नाही. आज सकाळी तिने पाकीट पुढे केलं, मी मुकाट्याने स्क्रू पिळला. फक्त खिडकीजवळची माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली. का, असं तिने विचारलं, तर डाव्याला तिकडून ऊन लागतं म्हणून सांगितलं.

उजव्याचं काय करायचं असं डॉक्टर विचारतायत. त्यांना सांग, घाई नाही. आमच्या दुकानाचा उजवा डोळा शाबूत आहे. त्याला पाणी फार येतं, तेवढे थेंब घेऊन ये.

कळावे. लोभ आता घरजावयावरही असू दे.

तुझा,
मामा