माझ्या गळ्यातलं आयोडीन

१० नोव्हेंबर, सोमवार

घेतली एकदाची गोळी! एवढीशी कॅप्सूल, पण ठेवली होती शिशाच्या जाड डबीत. लातूरच्या डॉक्टरांनी लांब चिमट्यानं काढून दिली. नर्स दाराबाहेर उभी. मी मात्र ती गिळायची!

माझा थायरॉईड वर्षभर ब्रेक फेल झालेल्या गाडीसारखा सुटलाय. छातीत धडधड, हात थरथर. हे किरणोत्सारी आयोडीन गळ्यात जाऊन बसणार आणि त्याला आवरणार. पण तोवर किरणं माझ्या अंगातूनही निघणार. एकवीस दिवस गरोदर बाईच्या, लहान लेकराच्या जवळ जायचं नाही. आमच्या सुनेला, मृण्मयीला सहावा महिना. म्हणून माझा मुक्काम गच्चीवरच्या खोलीत. अहमदपूरला येताना मी जीपच्या एकदम मागच्या सीटवर, हे पुढं ड्रायव्हरजवळ. लग्नानंतर इतक्या लांब पहिल्यांदाच बसलो.

१२ नोव्हेंबर

हे ताट जिन्यावर ठेवतात, हाक मारतात, खाली पळतात. वाघाला जेवू घातल्यासारखं.

१३ नोव्हेंबर

कागदावर लिहिलंय, ‘अर्धायुष्य आठ दिवस’. म्हणजे सोळा दिवसांत खलास, असा माझा हिशेब. तेवीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर आहे, वेळेचा हिशेब मला कोणी शिकवू नये!

शेजारच्या गच्चीवर निजामोद्दीन सर मिरच्या वाळवत होते. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. त्यांना कठड्यावरून विचारलं. ते हसले. म्हणाले, आठ दिवसांत अर्धं, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं. पूर्ण संपलं असा दिवस सांगताच येत नाही. शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं, ते वेगळं.

म्हणजे जन्मभर थोडं राहणार? त्यांनी पाण्याच्या टाकीवरून हात फिरवला. म्हणाले, या टाकीतल्या पाण्यातसुद्धा किरणं सोडणारं थोडं काहीबाही आहे, बाई. केळ्यातही आहे. घाबरू नका.

१५ नोव्हेंबर

सरांनी गृहपाठ दिला! फोडलेले चिंचोके घ्या, शंभर. ओंजळीत खुळखुळवून टाका. पांढरी बाजू वर आलेले काढून ठेवा. उरलेले परत टाका.

शंभराचे ५३ राहिले. मग २४. मग १३, ७, ३. मग एक. तो एक काही केल्या पांढरा पडेना. चार वेळा टाकला, चारही वेळा काळा. खालून हे विचारताहेत, वर काय वाजून राहिलंय?

१६ नोव्हेंबर

सरांना विचारलं, तो एकच का राहिला? त्याच्यात काय वेगळं होतं?

“काही नाही,” सर म्हणाले. “अणूचंही तसंच. हा आज फुटतो, शेजारचा हजार वर्षांनी. गर्दीला नियम आहे, बाई. एकट्याला कारण नसतं.”

मला पटेना. कारण कसं नसेल? गाडी लेट असली की मी रजिस्टरात कारण लिहिते. टायर, घाट, म्हशी — काहीतरी असतंच. मी बराच वाद घातला. सरांच्या बायकोनं, जोहराभाभींनी, मधेच कठड्यावर शीरखुर्म्याची वाटी ठेवली. ईद नाही, काही नाही. म्हणाल्या, तुमचं भांडण ऐकून मला गोड करावं वाटलं.

१८ नोव्हेंबर

आज आठ दिवस. मी अर्धी झाले!

२० नोव्हेंबर

आता सापेक्षता. सरांना चेव आलाय. खडूनं गच्चीवर एसटी काढली. पळणाऱ्या गाडीतलं घड्याळ स्टँडवरच्या घड्याळापेक्षा हळू चालतं. मी म्हटलं, मग नायगावची गाडी रोज उशिरा येते त्यात ड्रायव्हरचा दोष नाहीच! सर खोकला येईपर्यंत हसले. मग पाटीवर आकडे मांडले. ड्रायव्हरनं तीस वर्षं गाडी हाणली तरी फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढासुद्धा पडत नाही. म्हणजे मेमो द्यायला हरकत नाही.

पण काही कण वर आभाळात तयार होतात, त्यांचं आयुष्य निमिषभरसुद्धा नाही. वाटेतच संपायला पाहिजेत. तरी जमिनीवर पोचतात. इतके जोरात येतात की त्यांचं घड्याळच मंदावलेलं असतं. तळहातातून सेकंदाला एखादा जातो म्हणे. मी कितीतरी वेळ हात पसरून बसले. काही कळलं नाही, पण बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर

सरांनी जुळ्यांची गोष्ट सांगितली. एक बहीण घरी, दुसरी अवकाशयानात. परत येते तेव्हा ती लहान, घरची म्हातारी.

त्यांना माहीत नाही. कसं असेल? मी कोणाला सांगत नाही.

मलाही जुळी बहीण आहे. मुग्धा. किनवटला आश्रमशाळेत अधीक्षिका. नऊ वर्षं बोलणं नाही. आई तिच्याकडे होती. सकाळी आईला घाम फुटला, हिला वाटलं पित्त आहे. दुपारी नांदेडला न्यायला निघाली, वाटेतच आई गेली. दहाव्याला मी सगळ्यांदेखत म्हणाले, तू आईला मारलंस.

तिनं चप्पल घातली आणि निघून गेली.

२३ नोव्हेंबर

काही नाही. दिवसभर चिंचोके टाकले.

२५ नोव्हेंबर

सरांना सगळं सांगितलं. ते मिरच्या निवडत राहिले. मी विचारलं, मग आमच्यापैकी कोण जास्त म्हातारी झाली असेल?

“ते लांबून कळत नाही,” सर म्हणाले. “दोन घड्याळं ताडून बघायची तर एका जागी आणावी लागतात.”

मी कारण पाहिजे म्हणून नऊ वर्षं बहिणीला धरून बसले. आईचं हृदय थांबलं. इतकंच असेल तर?

२६ नोव्हेंबर

फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. म्हटलं, मी विशाखा. म्हणाली, नंबर आहे माझ्याकडे. मग मी म्हणाले, “मुग्धे, मी तेव्हा बोलले ते चूक होतं.”

“हाव,” ती म्हणाली. “चूकच होतं.” मग विचारलं, “कधी येऊ?”

गोळीचं सांगितलं. एक तारखेपर्यंत माझ्यापासून लांबच बरं, म्हटलं. तर म्हणे, वसतिगृहात दोनशे पोरी सांभाळते, तुझ्या किरणांना कोण भितंय? तरी एक तारीखच ठरवली.

३० नोव्हेंबर

उद्या खाली जाणार. यांनी जिना धुतला! मृण्मयी अंगणातून ओरडली, आई, पुरणपोळी की धपाटे? दोन्ही, म्हटलं.

१ डिसेंबर

किनवटहून निघालेली मुग्धा नांदेडला गाडी बदलून दुपारी आली. वीस मिनिटं लेट. स्टँडवर उभं राहून कोणाची वाट बघायची माझी ही पहिलीच वेळ. तिचे केस पूर्ण पांढरे. माझे रंगवलेले, म्हणून ताडून बघता आलं नाही.

घरी येऊन तिनं स्कार्फ सोडला. गळ्यावर आडवी रेघ, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. थायरॉईड. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढून टाकला. नांदेडला एकटीच गेली, एकटीच परत आली. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव विचारलं होतं, तिथं तिनं माझं लिहिलं होतं.