दोघांसाठी प्रार्थना

रोम, १९१९

प्रिय अलोइस,

इटली आपल्याविरुद्ध युद्धात उतरली आणि आम्हा जर्मनभाषक धर्मगुरूंना इथलं निवासी विद्यालय सोडावं लागलं. तेव्हा दरवान ओरेस्ते रडत म्हणाला होता, "फादर, माझा मुलगा नेल्लो आणि तुमचा भाऊ आता समोरासमोर येणार. मी दोघांसाठी प्रार्थना करीन."

काल परतलो. फाटक उघडताना तो म्हणाला, "नेल्लो डोंगरातच राहिला, फादर. तुमचा अलोइस तरी सुखरूप आहे ना?"

मला 'नाही' म्हणवेना. मी मान डोलावली.

म्हातारा डोळे पुसत हसला. "देवानं एक तरी प्रार्थना ऐकली! त्याला इकडे बोलवा. माझ्या बायकोला त्याला जेवू घालायचंय."

अलोइस, तुझी कबर मी माझ्या हातांनी बुजवली. त्या माउलीला हे कोणत्या तोंडानं सांगू?

तुझाच,
किलियन