ठमीची अंघोळ, माझा मणका

१२ नोव्हें., बुध.
मनू बाळाला घेऊन विट्याच्या दवाखान्यातून घरी आली. मुलगी. पाच दिवसांची. सिझर झालंय, म्हणून लेकीला वाकायला आणि खाली बसायला बंदी. बारसं सव्वा महिन्यानं, म्हसवडहून तिच्या सासरची माणसं आली की. तोवर ठमी म्हणायचं. हे मात्र 'साहेब' म्हणतात. सव्वीस वर्षं फौजेत काढली, अजून साहेबाशिवाय करमत नाही.

दिवसभर शेजारणी. सगळ्यांचं एकच, न्हाऊ कोण घालणार? मी म्हटलं, मी. दुसरं कोण? मनूनं इतक्या निर्धास्तपणे मान हलवली की पुढचं बोललेच नाही. पुढचं म्हणजे सांगलीच्या डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलेलं. कमरेतली चकती सरकलीय, एल-४ एल-५. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. तेव्हा मनूला चौथा महिना होता, म्हणून कळवलं नव्हतं. फक्त ह्यांना माहीत. पट्टा कपाटात, साड्यांच्या मागे.

१४ नोव्हें., शुक्र.
नाळ पडेपर्यंत पाणी ओतायचं नाही, कोमट फडक्यानं पुसायचं. डॉक्टरीणबाईंचा हुकूम. देवच पावला. पण कॉटवर वाकून पुसलं तरी कंबर बोलते.

१८ नोव्हें., मंगळ.
नाळ पडली. उद्यापासून न्हाऊ.

वहीत लिहायला काय हरकत? मी आजवर एकाही बाळाला पायावर घेतलेलं नाही. सगळ्यांना वाटतं आईला येतंच. मनूच्या वेळी सासूबाई होत्या. मी शाळेत मास्तरीण, दीड महिन्यात परत रुजू झाले. पण त्या दीड महिन्यातही त्यांनी हात लावू दिला नाही. मागितलं की म्हणायच्या, अजून वली हाईस, तुला न्हाई जमायचं. माणूस वाईट नव्हतं. रोज माझ्यासाठी शेगडी पेटवायच्या, डिंकाचे लाडू त्यांच्या हातचे. पण माझं मूल त्यांच्या नडग्यांवर आणि मी दारात टॉवेल धरून. पुढं दुसरं मूल झालं नाही, म्हणजे ती संधीही गेली. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून डाचतं. म्हणून या वेळी मीच. मणका गेला खड्ड्यात.

१९ नोव्हें., बुध.
झाली अंघोळ.

पाटावर बसले, पाय लांब केले, साडी वर खोचली. नडग्यांवर ठमी पालथी. तेल आधी कोमट करून ठेवायचं विसरले, मग धावपळ. मनू दारात खुर्चीवर. आधी ठमीनं घर डोक्यावर घेतलं. पाठीवरून पाण्याची धार गेली तशी एकदम गप्प. मनू दारातून म्हणाली, डोळे उघडे आहेत, विचार करत असल्यासारखे. इतका आनंद रिटायर झाले त्या दिवशीही झाला नव्हता. (तेव्हा खरं तर रडू आलं होतं.)

बाळ मनूकडे दिलं आणि मला उठताच येईना. न्हाणी घासते म्हणून तशीच बसून राहिले. पंधरा मिनिटं ब्रश आपटत होते. मग नळाला धरून उठले.

२१ नोव्हें., शुक्र.
साडीच्या आत पट्टा बांधून न्हाऊ घातलं. पट्ट्यामुळे पुढे झुकता येत नाही, आणि न झुकता ठमीच्या मानेखाली हात पोचत नाही. दहा मिनिटांनी पट्टा काढला. ह्यांनी पाहिलं. चहा देताना हळूच म्हणाले, "मास्तरीण, हे लपवून किती दिस चालायचं?" मी म्हटलं, सव्वा महिना. ते कप विसळायला गेले. बोलत नाहीत तेव्हा काहीतरी शिजत असतं.

२४ नोव्हें., सोम.
आज देवानंच राखलं.

ठमीला साबण लावलेला. तांब्या जरा लांब राहिला होता. तो घ्यायला वळले आणि कमरेत कळ आली ती थेट टाचेपर्यंत. पुढं ना मागं. ठमी पायांवरून सरकायला लागली, साबणानं निसरडी, आणि माझे हात तिच्यापर्यंत जाईनात. कसंबसं गुडघे जुळवून तिला अडवलं. ओरडले. हे धावत आले, टॉवेल टाकून तिला उचललं. मनू टाके धरून मागोमाग.

ठमीला काही झालं नाही. जांभई दिली.

मला हे आणि मनू दोघांनी मिळून उठवलं. न्हाऊ घालायच्या आधी काढलेला पट्टा खुंटीवर दिसला, मग सगळंच बाहेर आलं. जून, सांगली, एमआरआय. मनू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "पडली असती तर, आई?" आणि दार लोटून घेतलं.

२५ नोव्हें., मंगळ.
मनू बोलते, पण कामापुरतं.
गल्लीतल्या तानूबाईंना बोलावलं. त्या तीन घरी न्हाऊ घालतात, आपला नंबर साडेअकराला. तोपर्यंत ठमी भुकेली, झोपाळलेली, चिडलेली. पण बाईंचा हात काय सांगू. वय माझ्याहून पाच वर्षांनी जास्त, आणि बसणं-उठणं दोरीवरच्या उड्या मारल्यागत. दहा मिनिटांत बाळ लख्ख.
मी दारात टॉवेल धरून उभी होते. तानूबाईंचा राग आला. त्यांनी माझं काय वाकडं केलंय?

२७ नोव्हें., गुरु.
ह्यांनी मनावर घेतलंय, मला न वाकता न्हाऊ घालता आलं पाहिजे. आधी बाजारातून आणलेला बाळाचा टब कॉटवर ठेवून बघितला. गादी भिजली, अजून गच्चीवर वाळतेय. मग डायनिंग टेबल. ते हलतं. मग मला भिंतीला टेकून उभं केलं आणि शिंप्यासारखी टेप काढून कोपराची उंची मोजली. सांगलीच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या, टबाचा काठ कोपराच्या जरा खाली हवा, टब पोटाला टेकलेला हवा, एक पाय विटेवर. पाणी तांब्या-तांब्यानं भरा. भरलेला टब कुणीही उचलायचा नाही. तेल, साबण, टॉवेल हाताशी, वळायचं काम नको.
ह्यांनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी "जयहिंद" म्हणून फोन ठेवला. त्या बाई काय म्हणत असतील.

२९ नोव्हें., शनि.
माळ्यावरून ह्यांच्या फौजेतल्या दोन काळ्या ट्रंका खाली आल्या. न्हाणीत एकीवर एक. खाली चार सिमेंटचे ठोकळे. पत्रा गंजू नये म्हणून वर फ्लेक्सचा तुकडा, कुठल्याशा वाढदिवसाचा. मी म्हटलं, निदान त्या पुढाऱ्याचं तोंड तरी खाली करा. केलं. टबात जुना टॉवेल, ठमी घसरू नये म्हणून. ट्रंक हलतेय का बघायला हे स्वतः वर चढून बसले. सत्तर किलोचा माणूस न्हाणीत ट्रंकेवर मांडी घालून. मनूला हसू फुटलं. पाच दिवसांनी हसली.

टबाला बूच आहे, पाणी खालच्या खाली जातं.
उभ्यानं न्हाऊ घातलं. एक पाय विटेवर. डावा हात मानेखाली, उजव्या हाताने पाणी. ठमी माझ्याकडे बघत होती. नडग्यांवर पालथी असते तेव्हा तिचं तोंड दिसत नाही, हे मला आज कळलं. कंबर दुखली, पण रोजच्याइतकी. मनू माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. साबण तिच्या हातात होता.

३ डिसें., बुध.
म्हसवडहून विहीणबाई आल्या. ठमीला बघितलं, दृष्ट काढली, कुंचीचं कापड दिलं. मग न्हाणीत गेल्या.
"आवं बाई, लेकराला ट्रंकंवर न्हाऊ घालताय व्हय?"
मी खरं ते सांगितलं. कंबर, चकती, सगळं. आता लपवायचं काय राहिलंय. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी ट्रंकेवर हात टेकून जोर दिला, दोनदा. मग हळू आवाजात, "माजं गुडघं पाक गेल्यात. थोरल्या सुनंच्या येळंला मी न्हाईच म्हणलं, लोकं काय काय बोलली. हे कुणाच्या डोस्क्यात आलं?" ह्यांनी लगेच कागदावर मापं लिहून दिली. विहीणबाईंनी कागद कमरेच्या पिशवीत नीट घडी करून ठेवला.
चांगल्या बाई आहेत. उगाच इतके दिवस धसका घेतला होता.

७ डिसें., रवि.
मनूनं आज पुन्हा विचारलं, मी घालू का? मी म्हटलं, नको, टाके ओले आहेत. काल म्हटलं होतं, पाणी गरम आहे. परवा काय म्हटलं आठवत नाही. आज ती जरा रेंगाळली, म्हणाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या उभ्यानं चालेल. मी म्हटलं, तुला अजून जमायचं नाही गं, मान धरता यायला पाहिजे. ती टॉवेल घेऊन दारात उभी राहिली.

जेवताना हे म्हणाले, "आमची आई बी असंच म्हणायची." तेवढंच. आणि भाकरी मोडली.

रागानं ताट सरकवलं. दुपारभर धुसफूस. मग ठमीचे लंगोट घडी करत बसले आणि कळलं, की राग ह्यांचा नाहीच. सासूबाईंनाही कदाचित असंच वाटत असेल. फार फार आवडत असेल, म्हणून सोडवत नसेल. अठ्ठावीस वर्षं त्यांना कोसलं, आणि माझ्या हातात बाळ आल्यावर मी दुसरं काय केलं?

८ डिसें., सोम.
आज मनूनं घातलं.
मी शेजारी उभी. दोन्ही हात मागे बांधून, शाळेत पोरांना उभं करायचे तशी. दोनदा हात सुटले, परत बांधले. मनूनं मान बरोबर धरली. कानामागं माझ्याहून नीट पुसलं. शेवटी ठमीनं तिच्या अंगावर शू केली, तर ही हसत हसत रडायला लागली. हार्मोन्स असतात म्हणे. मग मी का रडत होते?
संध्याकाळी तिला सांगितलं, की तुला मी एकदाही न्हाऊ घातलं नाही. तिला हे माहीतच नव्हतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोबाइल बघत बसली, बराच वेळ. मांडीला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

१६ डिसें., मंगळ.
बारसं पार पडलं. नाव ठेवलंय छान, पण तोंडात ठमीच येतं.
अंघोळीचे वार वाटून घेतलेत. सोम-बुध-शुक्र मनू, बाकी मी. रविवारी भांडण.

४ जाने., रवि.
डावी टाच बधिर. सकाळी चप्पल पायातून निघाली ते कळलंच नाही.

९ जाने., शुक्र.
सांगली. नवा एमआरआय. डॉक्टर म्हणाले नस दाबली जातेय, फेब्रुवारीत ऑपरेशन करून घ्या, फार लांबवू नका. तोवर बाळ उचलायचं नाही, वाकायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. मी विचारलं, कोपराच्या उंचीला टब असेल तर? ते हसले. म्हणाले, आता तेही नाही.
मला ऑपरेशनची भीती वाटते. इथं लिहिलं. बाहेर बोलणार नाही.
येताना बसमध्ये हे खिडकीतून बघत म्हणाले, उसाला तुरे आलेत.

१० जाने., शनि.
सगळे वार मनूचे झाले. माझ्यासाठी तिनं न्हाणीच्या दारात हाताची खुर्ची ठेवलीय. अंघोळ झाली की ओली ठमी टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर देते. मी पुसते, पावडर लावते, काजळाची तीट लावते. आता ठमी मला बघून ओठ मुडपून हसते. मनूला नाही, मला. मनू म्हणते, तू फक्त मजेचं काम करतेस म्हणून. असेल.

२२ जाने., गुरु.
डॉक्टरांचा फोन, तारीख कळवा म्हणून. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. शिट्टी झाली नव्हती.

१ फेब्रु., रवि.
जावईबापू कोइमतूरहून आले, मनूला आणि ठमीला न्यायला. तिकडं त्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे, चार दिवसांहून जास्त बंद ठेवता येत नाही. उद्या अकराला गाडी, मग मिरजेहून रेल्वे. तिथला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ह्यांनी मापांचा कागद जावईबापूंना दिला आणि दोनदा समजावून सांगितला. ते बिचारे मान डोलावत होते.

संध्याकाळी मनू बॅग भरत होती. मी लंगोट मोजून देत होते. ती म्हणाली, "आई, ऑपरेशन करून घे. मग ये कोइमतूरला. तोवर मी घालते हिला."
मी म्हटलं, "कधी बरी होणार मी, कधी येणार. तोवर ही आपल्या हातानं न्हायला लागेल."
मनूनं चेन ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग मला घाल."

लंगोट किती झाले ते विसरले, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

डॉक्टरांना अजून तारीख कळवलेली नाही. बघू. गाडी अकराला आहे. मी खुर्चीत आणि मनू खाली पाटावर बसली, तर मला वाकावं लागणार नाही. लवकर उठून दोन बादल्या पाणी तापवायला ह्यांना सांगितलंय.