कावळ्यांचा पहिला घास

२ ऑक्टोबर १९८६
आठशे चाळीस पायऱ्या चढून एकदाची वर पोचले. गुडघ्यांनी जाहीर बोंब मारली, पण आता मला जिथं रांधायचंय ते मंदिराचं स्वयंपाकघर बघितलं आणि शीण पळाला. तीन चुली, झऱ्याचं पाणी, वर राहायला खोली! आपल्या चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला, म्हणजे बारा तारखेला, सासूबाई माझ्या शाओहेला इथं आणून सोडणार. मी कामाच्या शोधात बाहेर, सहा वर्षांची पोर दोन महिने आईविना राहिलीय. दहाच दिवस उरले.
थोरल्या साध्वी शी आजी तिरकस बोलतात. म्हणाल्या, आधीच्या बाईला मीठ कळत नव्हतं, तुला तरी कळतं का? नियम एकच, पेजेचा पहिला वाडगा मागच्या कातळावर कावळ्यांना, मग बाकीच्यांना.

५ ऑक्टोबर
हाताची सवय! मीठ बघायला कावळ्यांच्याच वाडग्यातली चमचाभर पेज चाखली आणि तो तसाच कातळावर ठेवला. सव्वीस कावळे भोवती बसले. एकानंही चोच लावली नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.
शी आजींना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. म्हणाल्या, त्यांच्या घासाला तू आधी तोंड लावलंस, पोरी. आता जे जे तुझं, त्याला ते तोंड लावतील.

७ ऑक्टोबर
टोपलीतला माझ्या वाटणीचा तेवढाच पाव टोचलेला. नव्या कापडी बुटांना भोक. शाओहेचं पत्र आलं, पाकीट नीट चिकटवलेलं. उघडलं तर आत तिच्या नावावरच भोक.

९ ऑक्टोबर
पत्रात लिहिल्याप्रमाणे सासूबाई पोरीला घेऊन आज निघाल्यासुद्धा. त्यांना खालीच अडवायला हवं. दोनदा निघाले. पायऱ्यांवर कावळेच कावळे— हलत नाहीत. पाऊल टाकलं की चोची वर होतात.
शी आजी न चाखता वाडगा ठेवतात. कातळावर कुणी फिरकत नाही.

११ ऑक्टोबर
दोन दिवस अन्नाला शिवले नाही. कपडे, बूट, भांडी, सगळं वाटून टाकलं. माझं काही राहिलंच नाही, तर उष्टं काय करतील?
एकच राहिलंय.

१२ ऑक्टोबर
पायऱ्या मोकळ्या. कातळ रिकामा. एकही नाही— गेले कुठं?
तिचा आवाज! आली—
दारात उभी आहे. हसतेय. डावा हात डोळ्यावरून काढत नाही. म्हणते, आई, दुखलं नाही गं, त्यानं जरासंच चाखलं—
मी तिचा हात बाजूला