चाळीस अर्ज, एकच अक्षर

दादा,

सरकार आणखी एका कंपनीचे शेअर विकायला काढणार, अशी बातमी आज पेपरात आली आहे. सून म्हणाली, "आई, मोबाइलवर दोन मिनिटांत अर्ज होतो, तुमच्याही नावाने करू का?" मी म्हटलं, करा बाई काय करायचं ते, मला त्यात ओढू नका. दुपारभर डोळ्यांसमोर नाशिकरोडची आपली कॉलनी, विहाराचा ओटा, सतरंजीवर बसलेले तुम्ही आणि मांडीवर लिहिण्यासाठी घेतलेली ती पत्र्याची पेटी.

मी, तुमची लेक, तेव्हा अकरावीत होते. मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवून सरकारने आपल्या एका कंपनीचे शेअर लोकांसाठी काढले होते. तुम्ही म्युनिसिपालिटीच्या शाळेतले गुरुजी. रेशनकार्डापासून स्कॉलरशिपपर्यंत कॉलनीतला प्रत्येक अर्ज तुमच्या हातचा. आपल्या माणसांनी कारखान्यात नुसतं राबायचं का, थोडी मालकीही हवी, असं तुम्ही घरोघर जाऊन सांगितलंत. शेजारची मावशी दवाखान्यात आया होती. तिने विचारलं, "गुरुजी, म्हंजे मी पन मालकीन व्हनार?" तुम्ही म्हणालात, "सोडतीत नंबर लागला तर होणार. कणभर का होईना." ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती. बघता बघता चाळीस घरं तयार झाली.

रविवारी अर्ज भरायला तुम्ही मला हाताशी घेतलंत. मी पहिलाच अर्ज भरला आणि तुम्ही तो टराटरा फाडलात. "हे काय, कोंबडीचे पाय? सरकारदरबारी जायचंय हे. ऊठ, मीच लिहितो." मावशीच्या देखत बोललात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग चाळीसच्या चाळीस अर्ज तुम्हीच भरलेत, तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात, पाठ धरेपर्यंत. सह्या आणि अंगठे तेवढे ज्याचे त्याचे.

दोन महिन्यांनी सगळे अर्ज नामंजूर होऊन आले. पैसे सुखरूप परत मिळाले, पण सोबतच्या छापील चिठ्ठीत होतं, की एकाच व्यक्तीने अनेक नावांनी अर्ज केल्याचं दिसतं. चाळीस अर्जांवर एकच अक्षर, त्यांनी तरी दुसरं काय समजावं? कॉलनीत मात्र अर्थ वेगळा निघाला: गुरुजी आपली नावं वापरून स्वतःचं साधून घ्यायला निघाले होते. विहारात बैठक बसली. मावशीच म्हणाली, "गुरुजी, खरं सांगा, आमच्या नावावर तुमी घेनार होते का?" तुम्ही उठून उभे राहिलात. "नाही. पण चूक माझी. मी नियम वाचायला हवा होता." सगळ्यांना जयभीम घातलात आणि घरी आलात. पुढे कुणी अर्ज घेऊन आलं नाही. वर्षा-दोन वर्षांनी एखादं येऊ लागलं, तर तुम्ही म्हणायचात, हात थरथरतो आता. तो थरथरत नव्हता, दादा. वर्गात फळ्यावर तुमचं अक्षर होतं तसंच होतं.

तुम्ही गेल्यावरसुद्धा मी त्या लोकांवर चिडत राहिले. मावशी शेवटच्या दर्शनाला आली, तिच्याशी मी बोललेही नाही. लोकांवर चिडणं सोपं होतं. आता त्याचाही कंटाळा आला आहे.

हे पत्र त्याच कोंबडीच्या पायांनी लिहिलं आहे आणि ते तुमच्या पेटीतच राहील. तो नियम अर्जाच्या मागच्या बाजूला होता, मुंगीएवढ्या इंग्रजीत: एकाच अक्षरातले अर्ज बाद होऊ शकतात. तुम्ही फाडलेले तुकडे गोळा करताना मी तो वाचला होता. मनात म्हटलं, घ्या लिहून, तुमचंच अक्षर चांगलं ना! आणि गप्प बसले. तेव्हा तुम्ही जेमतेम तिसऱ्या अर्जावर होतात.